अर्ध्या भावाची

मी कोंबड्या घेतो.
म्हणजे घ्यायचो तशा आता घेत नाही,
पण धंदा विचारला की तोंडातून हेच येतं.

सायकलीच्या दोन्ही अंगांना डालगी,
रंगावलीच्या अलीकडचे सहा पाडे, पलीकडचे चार.
कुठल्या कुडाआड किती पिलं निघाली
ते मला घरधन्याआधी कळायचं.

धडधाकट कोंबडी मला कोण देणार?
ती पाहुण्याची, ती देवाची,
ती पोरीच्या वह्यांसाठी राखलेली.
माझ्या वाट्याला यायची
पंख ओढत चालणारी,
तुरा जांभळा पडलेली,
डोळ्यांवर पापणी ओढून भिंतीशी बसलेली.
आज कापली तर कोंबडी, उद्या मेली तर माती.
हे वाक्य माझं.
दहा पाड्यांत मीच पेरलं, आणि उगवलं चांगलं.

अर्धा भाव, पण रोख.
संध्याकाळी ताडीच्या टपरीवर
रश्शात इतकी मिरची पडायची
की आजाराची चव कोणाला लागणार.
काळीज मी घरी आणायचो,
लहान्याला आवडायचं.
एका हिवाळ्यात त्याला आठ दिवस ताप होता.
साधा तापच होता.
मी अजून तसंच म्हणतो.

मग त्या वर्षी रमिला वळवी घरोघर बसू लागली.
आशाताई आमची. भिंतीवर कागद नाही, भाषण नाही,
चुलीपुढं बसून नुसतं विचारायची,
कापतं कोण? पिसं कुठं टाकता?
तेव्हा पोरगं कुठं असतं?
विळी तीच का, भाजीची?
बाया सांगायच्या, आणि सांगता सांगता
मध्येच गप्प व्हायच्या.

जेगूबाईनं मात्र तिला अडवलं.
म्हणाली, फेकून देऊ? तू भरून देशील?
महिन्यातून एकदा मटण दिसतं या घरात,
तेही मातीला घालू?
रमिलाकडं उत्तर नव्हतं.
उठली, चहा अर्धा ठेवून गेली.

नंतरच्या आठवड्यात तिच्याच घरच्या पाच कोंबड्यांनी माना टाकल्या.
अख्ख्या पाड्यानं पाहिलं.
तिनं आधी गुरांच्या डॉक्टरला फोन लावला.
मग हाताला पिशव्या बांधल्या, तोंडाला ओढणी,
नवऱ्यानं कमरेइतका खड्डा खणला,
वर चुना, वर माती, वर काटे, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.
त्यातली एक तलंग होती, अंड्यावर आलेली.
मग रमिला दोन्ही हात साबणानं घासत बसली,
कोपरापर्यंत, खूप वेळ.
रडली नाही. पण त्या संध्याकाळी
तिच्या चुलीवर नुसती उडदाची डाळ शिजली,
आणि वास सगळ्यांच्या घरात गेला.

मी पोचलो बाजाराच्या आदल्या दिवशी.
अंगणात तीन बसलेल्या दिसत होत्या, दोरी लावून वेगळ्या.
काय जयं माय, म्हटलं, पाऊण भाव देतो.
जेगूबाईनं तांब्या पुढं केला.
पाणी पी. कोंबडी नाही.
पुरा भाव देतो.
ती हसली. म्हणाली,
पुऱ्या भावाला आजारी कोंबडी घेणारा
पहिल्यांदाच पाहिला.

दहा पाडे फिरलो. दहा तांबे पाणी प्यालो.
परतीला स्टेशनवर टेकलो,
ते बाकडं अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत.
रिकामी डालगी दोन्ही राज्यांत ठेवून बसलो
आणि हिशेब केला पहिल्यांदा,
अर्ध्या भावात मी काय काय वाटत आलो.

आता त्याच डालग्यांत कांदे असतात, लसूण, कधी आमचूर.
गिऱ्हाईक तेच. जेगूबाई भावात घासाघीस करते, जुनं काढत नाही.
परवा तिच्या कुंपणाशी एक कोंबडी बसलेली,
मान पंखात.
मी हाक मारून सांगितलं, हात न लावता.

हात मात्र खिशात घालावा लागला.
दुरूनच तिचं वजन करत होता तो.